नाशिकला राहायला येताय? पहिलं वर्ष भाड्याने काढा

मुंबई-पुण्याहून नाशिकला घर हलवणारे बहुतेक जण एकाच जागी चुकतात. हिवाळ्यात दोन-तीनदा शनिवार-रविवारी येतात, हवा आवडते, मिसळ आवडते, गंगापूर रोडला नाहीतर इंदिरानगरला चार फ्लॅट बघतात. तिकडे जेवढ्यात वन-बीएचके येत नाही तेवढ्यात इथे टू-बीएचके बसतो, हे पाहून टोकन देऊन टाकतात. डिसेंबरातलं नाशिक कुणालाही आवडेल. तेच घर एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये कसं असतं, ते डिसेंबरात दिसत नाही. म्हणून आधी भाड्याने घ्या. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा काढा आणि मग खरेदीचं बघा. बारा महिन्यांचं भाडं पाण्यात गेलं असं वाटेल. पण चुकीच्या बाजूला घेतलेलं घर विकून दुसरं घ्यायचं म्हटलं, तर मुद्रांक शुल्क, नोंदणी, एजंट आणि पुन्हा एकदा सामानाचा टेम्पो यांत त्याहून कितीतरी जास्त जातात.

आता चुकीची बाजू म्हणजे काय? महापालिका १९८२ मध्ये झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड, देवळाली आणि भोवतालची खेडी एकत्र आली. कागदावर शहर एक झालं, पण अजूनही नाशिकरोडचा माणूस गावाच्या मध्यातल्या शालिमारला निघाला की ‘नाशिकला जाऊन येतो’ असंच म्हणतो. सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) ते नाशिकरोड स्टेशन हे अंतर नऊ-दहा किलोमीटर आहे आणि मधे द्वारका चौक आहे. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात द्वारका ओलांडायची असेल, तर किलोमीटरवरून वेळेचा हिशेब करू नका.

त्यामुळे आधी रोज कुठे जायचंय ते ठरवा आणि त्यावरून घर शोधा. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत नोकरी असेल तर सिडको, कामटवाडे, पाथर्डी फाटा, सातपूर कॉलनी, अशोकनगर हे भाग सोयीचे. सिन्नरच्या कारखान्यांत जायचं असेल तर नाशिकरोड, जेलरोड, उपनगर. ओझरच्या एचएएलमध्ये किंवा पिंपळगावच्या बाजूला काम असेल तर आडगाव, अमृतधाम, हिरावाडी. गोंदे-वाडीवऱ्हेला जाणाऱ्यांनी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे-पलीकडे बघावं, कारण मुंबईच्या दिशेने शहरातून बाहेर पडायला तिथून सगळ्यात कमी वेळ लागतो. कॉलेज रोड, महात्मानगर, गंगापूर रोड हे भाग राहायला छान आहेत आणि त्याचे पैसेही मोजावे लागतात. घरूनच काम करणार असाल तर ते घ्या. सिन्नरला जाणाऱ्याने कॉलेज रोडला राहण्यात मात्र अर्थ नाही.

आठवड्यातून काही दिवस मुंबईला जायचं असेल, तर प्रश्न वेगळा आहे. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला पोचते. परतीची संध्याकाळी सव्वासहाला सुटते आणि नाशिकरोडला यायला रात्रीचे पावणेदहा-दहा होतात. गंगापूर रोडला राहणाऱ्याला त्यासाठी सहा-सव्वासहाला घर सोडावं लागतं आणि परत यायला साडेदहा वाजतात. म्हणजे सोळा तासांचा दिवस. पासधारकांचे राखीव डबे आहेत, वर्षानुवर्षं असं करणारी माणसंही आहेत, पण आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त वेळा जायचं असेल तर घर नाशिकरोड स्टेशनपासून तीन किलोमीटरच्या आतच घ्या. ही तडजोड करू नका. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की गाड्या अडकतात. अशा दिवशी घरून काम करायची मुभा आहे का, हे ऑफिसला आधीच विचारून ठेवा.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यामुळे इगतपुरीजवळचा लांब बोगदा घेऊन कसारा घाट टाळता येतो. पण आमणे भिवंडीजवळ आहे, तिथून पुढची मुंबई आहे तशीच आहे. शिवाय समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. पुण्याचं म्हणाल तर सरळ रेल्वे नाहीच. गाडी कल्याणवरून फिरून जाते. रस्ता सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा साधारण २१० किलोमीटरचा, आणि चाकणला किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. पुण्यात ऑफिस आणि नाशकात घर हे गणित जमत नाही.

शहरातल्या शहरात फिरायला दुचाकी लागतेच. सिटीलिंकच्या बस २०२१ पासून आहेत आणि सीबीएस, निमाणी, नाशिकरोड, सातपूर अशा मुख्य मार्गांवर त्या बऱ्या आहेत, पण रात्री उशिरा त्यांच्यावर विसंबू नका. रिक्षा मीटरवर क्वचितच चालतात. ठरलेल्या मार्गांवर शेअर रिक्षा मिळते, बाकी ठिकाणी बसण्याआधी भाडं ठरवायचं. मुंबईहून आलेल्यांना ही सवय लागायला वेळ लागतो आणि ज्येष्ठांना याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. आई-वडील बरोबर येणार असतील, तर दवाखाना, किराणा आणि बाग पायी जाण्याच्या अंतरावर आहेत ना, हे घर बघतानाच चालून पाहा.

भाड्याचा करार करताना अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करायचीच. नोटरी केलेल्या कागदावर गॅस, आधार, शाळा सगळं अडतं. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे आणि खर्च फार नाही. समजा भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं झालं १,६५,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं धरलेलं व्याज साधारण ४,५८३. बेरीज १,६९,५८३, त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे चार-पाचशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधारच्या अंगठ्यावर घरी बसून ऑनलाइन नोंदणी होते, करून देणारा त्याचे वेगळे पैसे घेतो. भाडेकरूची माहिती घरमालकाने पोलिसांना दिली आहे ना, तेही विचारा. मेंटेनन्स कोण भरणार आणि टँकरचा खर्च त्यात धरलाय का, हे करारात लिहून घ्या. टँकरवरून मे महिन्यात भांडणं होतात.

पाण्याकडे येऊ. सगळ्यात जास्त चौकशी इथे करायला हवी. शहराला पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं. सिडको, पाथर्डीच्या बाजूला मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, नाशिकरोडला दारणा नदीचंही येतं. वरच्या अंगाला धरणं आहेत म्हणून पाण्याची चिंता नाही, असं एजंट सांगतात. धरणं आहेत, पण त्यांच्या पाण्यावर शेती, उद्योग आणि खाली जायकवाडीचाही हक्क आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी इथून खाली पाणी सोडावं लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरातही सोडावं लागलं होतं. जूनमध्ये पाऊस लांबला की शहरात पाणीकपातीची चर्चा सुरू होते. शिवाय देखभालीच्या कामांसाठी अधूनमधून एखादा दिवस पाणी बंद असतं आणि दुसऱ्या दिवशी ते कमी दाबाने येतं.

म्हणून इमारत बघताना जमिनीखालच्या टाकीचं माप विचारा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरा. चार माणसांचं घर म्हणजे ५४०. चोवीस फ्लॅटच्या सोसायटीला दिवसाला साधारण १३,००० लिटर लागतं. एक दिवस पाणी बंद आणि दुसऱ्या दिवशी कमी दाब, हे निभवायला किमान २५,००० लिटरची टाकी हवी. दहा हजारांची टाकी असलेली सोसायटी एका दिवसाच्या बंदमध्येच टँकर मागवते. नळ चोवीस तास चालू असतो, असं उत्तर मिळालं तर ते वरच्या टाकीबद्दल असतं. महापालिकेचं पाणी किती वाजता, किती वेळ आणि मोटर लावल्याशिवाय खालच्या टाकीत पडतं का, हे विचारायचं. आणि हे एजंटला न विचारता वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या बाईंना विचारा.

दुसरी गोष्ट बोअरची. नवीन वस्त्यांत, विशेषतः शहराच्या कडेला, वापरायला बोअरचं पाणी असतं. ते जड असतं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, फरशीवर डाग आणि गीझरच्या कॉइलवर खडी जमलेली दिसली की ओळखायचं. घर बघायला जाताना शे-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) खिशात ठेवा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला, दोन्ही नळ मोजा. धरणाचं पाणी तुलनेने मऊ असतं, त्याला साधा यूव्ही फिल्टर पुरतो. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस ५०० ही भारतीय मानकातली स्वीकारार्ह मर्यादा आहे. त्याच्या वर आकडा गेला तरच आरओ लावा, कारण आरओ जितकं पाणी देतं त्याहून जास्त टाकून देतं. उन्हाळ्यात भूजल खाली गेलं की तोच बोअर वेगळा आकडा दाखवतो. वर्षभर भाड्याने राहण्याचं एक कारण हेही.

पावसाळ्यात वेगळं बघायचं असतं. इथे पाऊस पश्चिमेकडून येतो. त्र्यंबक-इगतपुरीला धो-धो कोसळतो आणि पूर्वेला सरकत कमी होत जातो. शहरात फार नसला तरी वरच्या अंगाला जोर धरला की गंगापूरमधून पाणी सोडतात आणि गोदावरी चढते. नाशिककर पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर, पाणी कमरेला लागलं की छातीला. ते छातीच्या वर गेलं की सराफ बाजार, भांडी बाजाराकडे दुकानदारांची आवराआवर सुरू होते. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नदीकाठी पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मधे अटींवर. आनंदवल्ली, गंगापूर रोडचा नदीकडचा भाग, मखमलाबादकडचा काठ आणि नासर्डी, वाघाडी, वालदेवी या नद्यांच्या कडेची घरं बघताना महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जमीन कशासाठी राखली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा काढा. खिडकीतून नदी दिसते म्हणून जो जास्तीचा दर सांगतात, तिथे हा दाखला आधी मागा.

जुलैत अजून एक काम करा. जे घर आवडलंय त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, कपाटाच्या मागे बघा, टेरेसवर पाणी साचतं का पाहा. रो-हाऊसमध्ये तर आवर्जून. नाशकात रो-हाऊसचं आकर्षण फार आणि ते समजण्यासारखं आहे, पण शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नसेल, तर दोन-तीन वर्षांत दार चौकटीत अडकायला लागतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. सरळ उभी बारीक भेग बहुधा गिलाव्याची असते. तिरकी, पायरीपायरीने चढणारी भेग पायाची असू शकते. रंगकाम नुकतंच झालेलं जुनं रो-हाऊस दिसलं तर शेजारच्याचं बघा, ते एकाच वेळी एकाच पायावर उभं राहिलेलं असतं.

पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल तर आणखी एक खास नाशिकची भानगड माहीत हवी. दहा-एक वर्षांपूर्वी इथे ‘कपाट’ प्रकरण गाजलं. अनेक इमारतींत कपाटांसाठी मोकळी ठेवायची जागा खोलीत घेतली गेली, ती चटई क्षेत्रात धरायची की नाही यावरून अडलं आणि हजारो फ्लॅटचे पूर्णत्वाचे दाखले रखडले. पुढे त्यातल्या बऱ्याच इमारती नियमित झाल्या, पण सगळ्या झाल्या असं धरून चालू नका. त्या काळातल्या इमारतीत फ्लॅट घेत असाल तर भोगवटा दाखल्याची, म्हणजे इमारतीत राहायच्या महापालिकेच्या परवानगीची, प्रत डोळ्यांनी बघा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर चालणार नाही. दाखला नसेल तर कर्ज, घरपट्टीचा दर आणि पुढची विक्री, तिन्ही ठिकाणी अडचण येते. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मंजूर नकाशा आणि मिळालेल्या मुदतवाढी पाहा.

हवेचं कौतुक सगळे करतात, त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून खाली. मुंबईहून आणलेल्या चादरींनी भागत नाही. सोलरचं गरम पाणी सोसायटीत असतं, पण टाकी वर आणि घर दुसऱ्या मजल्यावर असेल तर नळ सोडल्यावर पाइपमधलं थंड पाणीच आधी दोन-तीन बादल्या येतं. गच्चीवर जाऊन पाइपला आवरण आहे का ते बघा. माणशी साधारण तीस-पस्तीस लिटरच्या हिशेबाने टाकी पुरते का, तेही विचारा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशी गाठते, पण हवा कोरडी असते. त्यामुळे मुंबईत निरुपयोगी ठरणारा कूलर इथे उत्तम चालतो आणि रात्री खिडक्या उघडल्या की घर निवतं. शेवटच्या मजल्याचा स्लॅब मात्र रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. याच कोरड्या हवेत दमट हवेतून आलेलं सागवानी फर्निचर आकसतं, सांधे सैल होतात. आल्या-आल्या पॉलिश करून घेऊ नका, एक उन्हाळा जाऊ द्या.

मखमलाबाद, गंगापूर, देवळाली, दारणाकाठ या बाजूंना मळे आणि ऊस लागून आहेत, तिथे बिबट्या दिसतो. मोकळ्या प्लॉटवर बंगला बांधणार असाल तर कंपाउंड आणि बाहेरचा दिवा आधी. पहाटे एकट्याने फिरायला जाऊ नका आणि कुत्रं रात्री बाहेर बांधू नका.

सामान हलवताना टू-बीएचकेला साधारण चौदा फुटी आयशर लागतो, थ्री-बीएचकेला सतरा फुटी. मोठी गाडी ठरवण्याआधी इथल्या कॉलनीचा रस्ता मोजा. सहा मीटरच्या रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या उभ्या असतील तर सतरा फुटी वळत नाही आणि हमाल कोपऱ्यापासून वाहून न्यायचे वेगळे पैसे मागतात. मुंबईहून गाडी पहाटे चारला निघाली तर भिवंडीची गर्दी टळते आणि दुपारपर्यंत सामान उतरतं. जुलै-ऑगस्टमध्ये हलवायचं असेल तर गाद्या आणि पुस्तकं प्लास्टिकमध्ये दोनदा बांधा, इगतपुरीला ताडपत्रीची परीक्षा होते. दुचाकी रेल्वे पार्सलने नाशिकरोडला येते. टाकी पूर्ण रिकामी, आरसी आणि ओळखपत्राची प्रत, वर गोणपाट, एवढं करून न्या.

कागदपत्रांत गॅसचं आधी करा. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं, इथे नव्या दराने अनामत भरायची. काही भागांत पाइप गॅस आलाय, पण तुमच्या इमारतीत जोडणी आहे का ते विचारल्याशिवाय शेगडीचे जेट बदलू नका. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा. गाडी एमएच-०२ असो की एमएच-१२, राज्यातल्या राज्यात पुन्हा रोड टॅक्स नाही. आरसीवरचा पत्ता तेवढा बदलून घ्यायचा. मुलांची शाळा राज्य मंडळाची असेल तर वर्ष जूनमध्ये सुरू होतं, सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये सुरू करतात, त्यांची प्रवेशाची चौकशी त्याआधीच्या हिवाळ्यातच हवी. दाखल्यावर मुलाचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हे जुनी शाळा सोडण्याआधी तपासा. नंतर दुरुस्तीला दोनशे किलोमीटर जावं लागतं.

रोजच्या जगण्यात लवकर रुळायचं असेल तर घंटागाडीची वेळ पहिल्याच दिवशी विचारून घ्या. ओला-सुका कचरा वेगळा द्यावा लागतो आणि गाडी चुकली की कचरा दुसऱ्या दिवसापर्यंत घरात. भाजी-धान्यासाठी बुधवारी गंगेवरच्या बाजाराला जा. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. शालिमारजवळ १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, सभासद व्हा. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते, ओळखी तिथे होतात. धुळवडीला रंगाच्या तयारीत बाहेर पडाल तर फार कुणी खेळताना दिसणार नाही. नाशिकचा रंग रंगपंचमीला, जुन्या गावातल्या रहाडींवर, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदांवर. त्या दिवशी रविवार कारंजा, तिवंधा या बाजूला गाडी नेऊ नका. तसंच नवरात्रात कालिका मंदिराजवळचे रस्ते वळवलेले असतात आणि श्रावणातल्या सोमवारी, विशेषतः तिसऱ्या, त्र्यंबक रोडवर जाणं टाळा.

आणि येण्याची तारीख ठरवताना सिंहस्थ लक्षात घ्या. पुढचा २०२६-२७ चा आहे, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. त्याआधी रस्ते, पूल, गटारांची कामं चालतात आणि स्नानाच्या दिवसांत शहरात बाहेरच्या गाड्या अडवतात. पंचवटी, तपोवन, द्वारका या पट्ट्यात त्या दोन महिन्यांत सामानाचा ट्रक आणायचा बेत करू नका. तपोवनाच्या आसपास प्लॉट कुणी स्वस्तात दाखवत असेल तर सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी लागणाऱ्या साधुग्रामचं आरक्षण त्यावर आहे का, ते झोन दाखल्यावर वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.